बिनजागेचं घर

नंदाआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगमध्ये होते. फोनवर हास्नाचं नाव दिसलं. हास्ना ही आत्याची जुनी सहकारी, आणि आत्या शेवटची काही वर्षं इंडोनेशियातल्या ज्या गावात राहिली त्या गावची लेक. ती एरवी दोन-तीन शब्दांचे मेसेज पाठवते. त्या दिवशी तिने लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला होता, आणि तेवढ्यावरून मला कळलं. तरी मी कॅमेरा चालू ठेवला. माझी पाळी आली तेव्हा काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगितलं, आणि मीटिंग संपल्यावर जिन्यात जाऊन तो मेसेज ऐकला. आत्या दुपारी जेवून आडवी झाली होती. संध्याकाळी शेजारणीने खालून हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून ती वर गेली... हास्ना इंग्रजीत बोलत होती. मधेच थांबून तिने स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हटलं. ते मला समजलं नाही आणि नंतर मी विचारलंही नाही.

मग पुण्याला बाबांना फोन केला. आत्या त्यांची थोरली बहीण.  ते म्हणाले, "जवळ कोण होतं?" मी सांगितलं, शेजारच्या बायका होत्या. "बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता त्या घराचं काय करायचं ते बघावं लागेल." बाबांचा स्वभाव कठोर नाही. कुठलीही बातमी त्यांच्यापाशी पोचली की शेवटी तिचं एक काम होतं, इतकंच. काम असलं की त्यांना धीर येतो.

आत्या अमेरिकेत आली तेव्हा तिशी ओलांडलेली होती. तिचं लग्न थोड्याच काळात मोडलं होतं आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. सिअ‍ॅटलजवळ बॉथेलमधल्या एका लॅबमध्ये ती नोकरीला लागली आणि निवृत्त होईपर्यंत याच परिसरात राहिली, पण एका घरात कधीच फार राहिली नाही. दरवर्षी भाडं वाढल्याचं पत्र आलं की ती शांतपणे दुसरं अपार्टमेंट शोधायची. मला इथे नोकरी लागल्यावर मी तिच्याकडेच राहायला आले, तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे भिंती. कुठेही खिळा नव्हता. कॅलेंडर फ्रिजवर, आजीचा फोटो शेल्फला टेकवलेला, देव स्वयंपाकघरातल्या कपाटात. "डिपॉझिटमधून कापतात," ती म्हणाली. मिक्सर, टोस्टर, टीव्ही, सगळ्यांची मूळ खोकी तिने जपून ठेवली होती, आतल्या थर्माकोलसकट. एका मोठ्या कपाटात कपड्यांपेक्षा खोकीच जास्त होती. मी एकदा विचारलं, एवढी कशाला ठेवतेस? तर म्हणाली, "लागतात अगं."

पुण्यात आमचा कर्वेनगरचा फ्लॅट होता, आजोबांनी घेतलेला. आजी गेल्यावर सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि कागद एका नावावर असलेले बरे असं ठरलं. आत्या हक्कसोडपत्रावर सही करायला मुद्दाम पुण्याला आली होती. मी तेव्हा शाळेत होते आणि सुट्टी असल्यामुळे बरोबर गेले होते. रजिस्ट्रारच्या ऑफिसात तिचा फोटो काढला, अंगठे घेतले. कारकून न बघता म्हणाला, "बहीण का? इथे करा, इथे करा, आणि मागे एक." परत येताना रिक्षात मी तिला विचारलं, की ही सही कशाची? ती म्हणाली, "बहिणींच्या सह्या असतातच गं." घरी आईने तिची ओटी भरली, छान साडी दिली. नवीन फ्लॅट झाला की त्यात ताईची एक खोली ठेवायची, असं बाबा त्या दिवशी दोनदा म्हणाले. फ्लॅट झाला. ती खोली माझी अभ्यासाची झाली. आत्या पुण्याला यायची तेव्हा हॉलमध्ये झोपायची आणि सकाळी आमच्या आधी उठून गादी गुंडाळून ठेवायची. यावर कोणाचं कधी भांडण झालं नाही. मी फक्त काय झालं ते लिहितेय.

हास्ना तिच्या लॅबमध्ये काही वर्षं होती. ती दक्षिण सुलावेसीची, बुगिस समाजातली. तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला तिने आत्याला गावी नेलं. गाव मकास्सर शहरापासून काही तासांवर, भाताच्या खाचरांमध्ये, एका अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वसलेलं. आत्या परत आली. आठवड्याभराने भाजी चिरता चिरता म्हणाली, "तिकडे एक घर बघून आलेय." मला वाटलं एखादं हॉटेल किंवा सुट्टीपुरती भाड्याची जागा असेल. तिने निवृत्ती घेतली, तिकडे राहण्याचा परवाना काढला, आणि मग आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींमध्ये ही बातमी फुटली. एका घरी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जमलो होतो. तिथे जो संवाद झाला तो मला जवळजवळ पाठ आहे, कारण मी कोपऱ्यात बसून ऐकण्यापलीकडे काही करत नव्हते.

"एरिया किती आहे, नंदाताई?" कुलकर्णीकाकांनी विचारलं.

"जागा नाही घेतलेली. घर घेतलंय."

"म्हणजे फ्लॅट."

"नाही हो. लाकडी घर, खांबांवरचं. आपल्यासारख्या परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमिनीची मालकी होत नाही. जागा हास्नाच्या काकांची."

"यार, हे म्हणजे उलटंच झालं. लोक आधी प्लॉट घेतात."

"लोक फिनिक्सला कॉन्डो घेतात," त्यांच्या शेजारचे काका म्हणाले. "रिटायर झालं की फिनिक्स. स्नो नाही, इंडियन ग्रोसरी आहे, हॉस्पिटल आहे."

"आणि उद्या तो जागावाला म्हणाला, उचला तुमचं घर, तर?" काकूंनी पुऱ्या वाढता वाढता विचारलं.

"तर उचलायचं," आत्या म्हणाली.

सगळे हसले. आत्याने पुरी घेतली. बाबांनी पुण्याहून त्यांच्या वकील मित्राला विचारून फोन केला, की ताई, हे स्थावर नाही, जंगम आहे. म्हणजे फर्निचर विकत घेतल्यासारखं आहे. आत्या म्हणाली, हो, तसंच आहे, पण आत बसता येतं.

तिच्या बोलावण्यावरून मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा घर जागेवर आलेलं होतं. ते मूळ शेजारच्या गावातलं. मालकाने विटांचं नवं घर बांधलं म्हणून जुनं विकायला काढलं होतं. तिकडची जुनी घरं जमिनीत रोवलेली नसतात, त्यांचे खांब सपाट दगडांवर नुसते टेकलेले असतात. घर न्यायचं असेल तर आतलं सामान काढतात, खांबांना आडवे बांबू बांधतात आणि पुरुष मंडळी खाली शिरून अख्खं घर खांद्यावर घेऊन चालू लागतात. ज्याचं घर त्याने सगळ्यांना जेवायला घालायचं. मजुरी कोणी घेत नाही. हे सगळं आत्याने मला उत्साहाने सांगितलं, आणि आपण व्यवहाराला बसल्यावर सातबारा कुठे मिळेल असं विचारलं होतं, हेही सांगितलं. तोवर अमेरिका सोडून मकास्सरला परतलेल्या हास्नाने त्याचा अर्थ काकांना समजावून दिला. काकांना गावात सगळे हाजी म्हणतात. ते म्हणाले, कागद सरपंचाकडे करून देतो, पण जागेला चारी बाजूंनी शेजारी आहेत, ते येऊन उभे राहतील, इबूने त्यांची तोंडं पाहून ठेवावीत. इबू म्हणजे बाई, आई, मोठ्या बाईला म्हणायचा शब्द. आत्या तिकडे इबू नंदा होती. ते चौघे खरंच आपापल्या हद्दीवर येऊन उभे राहिले होते, आणि त्यांच्यातल्या एका बाईने उभ्या उभ्याच आत्याला विचारलं होतं, की तू नारळ सोलतेस का?

त्या घरात शिरल्यावर मी आधी भिंती पाहिल्या. सगळीकडे खिळे होते. आजीचा फोटो, कॅलेंडर, चाळण्या, छत्री, पिशव्या, एक रिकामी चौकटसुद्धा. तिने मला तिच्या घराचा मधला खांब दाखवला. बुगिस लोक त्याला घराची बेंबी म्हणतात. घर बांधताना तो आधी उभा करतात आणि त्याचा मान ठेवतात. आत्याने त्याला हळदीकुंकवाची बोटं लावली होती. शेजारणींना विचारूनच लावली, असं ती म्हणाली. मग मला खाली नेऊन तिने अभिमानाने पाया दाखवला. प्रत्येक खांबाभोवती सिमेंट काँक्रीटचा चौथरा केला होता, आणि खांब लोखंडी पट्ट्यांनी, बोल्ट मारून त्यात पक्का केला होता. बॉथेलला तिच्या मैत्रिणीने भूकंपासाठी घर पायाला बोल्टने बांधून घेतलं होतं, ते हिने पाहिलं होतं. पट्ट्या आणि बोल्ट ती सिअ‍ॅटलहून बॅगेत घालून घेऊन आली होती. "आता कुठे जात नाही," ती खांबावर थाप मारून म्हणाली. हाजी तिथेच उभे होते. त्यांनी वाकून बोल्ट पाहिला, बोट फिरवलं, आणि आत्याने चहा विचारल्यावर घेतला. ते काही म्हणाले नाहीत. मला ते काही न म्हणणं जाणवलं होतं, कारण मी स्वतः बहुतेक वेळा तेच करते. पण त्यांच्या मनात काय आहे हे मला ओळखता आलं नाही.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं आत्या तिकडे रुळली. भाषा शिकली. व्हिडिओ कॉलवर ती बोलत असताना मागून कोणीतरी जिना चढून वर यायचं, काहीतरी ठेवून जायचं, आणि आत्या माझ्याशी मराठीत बोलता बोलता त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर द्यायची. तिचा आवाज त्या भाषेत थोडा मोठा होत असे. मग एका रविवारी तिचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता फोन.

"मितू, नोटीस आली," ती म्हणाली.

"कसली नोटीस?"

"कागद नाही आलेला. हास्नाला पाठवलं होतं सांगायला. हाजींच्या मुलीचं लग्न ठरलंय. तिला घर बांधून द्यायचंय, आणि जागा तीच. माझी." मग थांबून म्हणाली, "माझी म्हणजे... कळलं ना तुला."

 ती पुढे म्हणाली, "इथे मला वाटलं होतं, की नाही विचारणार कोणी. खोकी पण टाकून दिली मी सगळी." ती रडत नव्हती. भाडं वाढल्याचं पत्र वाचताना तिचा आवाज जसा व्हायचा, तसा झाला होता. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, मी सांगितलं होतं, आणि मग लगेच म्हणाले, ताईला पैसे पाठवू का? आत्याला सांगितलं तर म्हणाली, त्याला म्हणावं साडी नको.

मी रजा काढून गेले. मला वाटत होतं की तिला परत आणायला जातेय. घरात सगळं नीट बांधून ठेवलेलं होतं, भिंतींवर नुसते खिळे उरले होते. आत्या गावातल्या कोणाशी फारशी बोलत नव्हती आणि गावही तिच्याशी जपून बोलत होतं. दुसऱ्या दिवशी हास्ना मकास्सरहून आली आणि हाजींना घेऊन वर आली. आम्ही चटईवर बसलो. हाजी बराच वेळ तांदळाबद्दल बोलले. मग जमिनीकडे बघत काहीतरी म्हणाले, आणि हास्ना ते आमच्यासाठी इंग्रजीत सांगताना अडखळली.

"काका म्हणतात, तुम्हाला जागा हवी होती तर तोंडाने मागायची होती."

"मी कुठे मागितली?" आत्या म्हणाली.

"हे सिमेंट ओतलंत ना खाली. काका म्हणतात, दुसऱ्याच्या जमिनीत कोणी घर असं रोवत नाही. ज्याला जमीनच हवीय तो रोवतो. तेव्हापासून त्यांना कळत नव्हतं की तुम्हाला कसं विचारावं. गावातही सगळे म्हणायला लागले, इबू आता हाजीची जमीन सोडत नाही."

आत्या हाजींकडे वळली. "मला वाटलं, तुम्ही मला काढताय," ती त्यांच्याच भाषेत म्हणाली. एवढं मला समजलं, कारण कॉलवर ऐकून ऐकून तेवढे सोपे शब्द मला येत होते. हाजींना ते समजलं नाही असं दिसलं. त्यांनी हास्नाला पुन्हा विचारलं, आणि मग खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. तळ्यापलीकडे त्यांच्या भावाची जागा होती. तिथलं गवत कापून झालं होतं. चार सपाट दगडही आणून ठेवलेले दिसत होते, बाकीचे एका हातगाडीवर होते. कापून बरेच दिवस झाले असावेत, कारण कडेला गवत पुन्हा उगवलं होतं. "शुक्रवारच्या नमाजानंतर घर तिकडे नेऊ," हास्ना म्हणाली. "पण काका विचारतात, हे बोल्ट कशाने निघतात?"

ते निघाले नाहीत, गंजून बसले होते. मकास्सरहून कापायचं यंत्र आणावं लागलं, आणि काँक्रीट फोडायला गावातले सगळे आळीपाळीने आले. फोडताना त्यांची आत्याच्या जिवावर यथेच्छ करमणूक झाली. एक जण म्हणाला, इबूला अमेरिकेहून कोणी चोर येऊन घर नेईल अशी भीती होती. आत्या म्हणाली, "अमेरिकेतले चोर असलं जुनं घर नेत नाहीत, त्यांना गाडी लागते." शेजारणींनी तिला खाली बसवून चिकट तांदूळ शिजवायला लावले आणि तिच्या हाताला मीठ कमी पडतं असं तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने एकमेकींना सांगितलं. आत्याने आणखी मीठ घातलं. मी मासे धुतले. त्या दिवसांत कोणी मला काही विचारत नसे, काम मात्र हातात देत.

शुक्रवारी निम्मं गाव घराखाली शिरलं. एका म्हाताऱ्याने हाळी दिली, बाकीच्यांनी उत्तर दिलं, आणि घर वर गेलं. मोठा आवाज वगैरे झाला नाही, लाकूड थोडं करकरलं. जिथे ते होतं तिथे फक्त दगडांचे ठसे आणि फुटलेलं काँक्रीट राहिलं. आत्याने देव एका स्टीलच्या डब्यात तांदळात खोचून ठेवले होते. तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून ती पुढे चालत होती, आणि मागून तिचं घर येत होतं, खिडक्या उघड्या, एक पडदा बाहेर फडकत. तळ्याच्या वळणावर ते सगळे थांबले, श्वास घेतला, कोणीतरी विनोद केला. आत्या मागे वळून बघत होती. मला म्हणाली, "मितू, आयुष्यात एवढ्या जागा बदलल्या गं. प्रत्येक वेळी माझी खोकी मी उचलली." नंतर म्हणाली, "हे मला नाही काढत आहेत. मला नेतायत." पुढे तळ्याकाठी घर टेकवलं तेव्हा एक खांब दगडावर नीट बसेना, तर चार जणांनी तो तेवढा उचलून सरकवला, पंगतीत एखाद्याला थोडं सरकून बसायला सांगावं तसा. आत्याने पुन्हा सिमेंट आणलं नाही. मीही तिला परत चल असं म्हटलं नाही. जेवून झाल्यावर हाजींची मुलगी, जिचं लग्न होतं ती, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

आत्या गेल्यावर मी तिकडे पोचले तेव्हा दहन होऊन गेलं होतं. मकास्सरला तशी सोय आहे, हास्नाने आणि तिच्या भावांनी सगळं केलं होतं. हाजी तिथपर्यंत गेले होते, आणि आत न जाता बाहेर बाकावर बसून राहिले होते. अस्थी मी घेतल्या. गावात पोचल्यावर मी घर झाडलं, कपडे वेगळे केले, औषधं टाकून दिली. दुपारी दमून जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने लक्षात आलं की रस्त्याने जाणारं प्रत्येक माणूस वर बघतंय आणि थांबून काहीतरी विचारतंय. जेवलीस का, कुठे जाऊन आलीस, तळ्यातलं पाणी वर आलंय ना... हास्ना म्हणाली, आत्या रोज त्या वेळी तिथे बसायची. दार रस्त्याकडे हवं असं तिनेच सांगितलं होतं. तिला येणारंजाणारं दिसायला हवं असायचं. पायरीवर कोणी बसलंय म्हटल्यावर लोक सवयीने विचारत होते. मी ज्यांना उत्तर देता येईल त्यांना दिलं. मला एरवी असं रस्त्याकडे तोंड करून बसता येत नाही. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसले.

घराला गिऱ्हाईक होतं. जुनी लाकडी घरं उतरवून रिसॉर्टवाल्यांना विकणारा एक व्यापारी मकास्सरहून येऊन बघून गेला होता. बाबांना मी हे सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"चांगलं आहे की मग," ते म्हणाले. "तिथे कोण राहणार आहे? कागद काय लागतील ते विचार. माझी सही लागेल, तुझी लागली तर तीही करून टाक."

"हाजींचं म्हणणं वेगळं आहे," मी म्हटलं. "त्यांच्यात घर मुलीकडे जातं. आत्याला मुलगी नाही, म्हणून ते म्हणतायत की भाचीला विचारायचं. मला."

"तू त्यांच्यातली आहेस का?"

"नाही."

"मग? मितू, भावनेचा प्रश्न नाही हा. लाकूड आहे ते. रिकामं राहिलं की सडणार. एक सही तर करायचीय."

मी पायरीवरच बसले होते. समोरून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन गेली आणि जेवलीस का म्हणाली. मी मान हलवली. बाबांना वाटलं मी ऐकत नाहीये.

"ऐकतेस ना?"

"हो," मी म्हटलं. "मी सही नाही करणार, बाबा."

 पुण्यात मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली. "तू तिथे जाऊन राहणारेस?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग कशाला हवंय?"  बाबा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताईने कधी नाही म्हटलं नाही कशाला." त्यात तक्रार होती की दुसरं काही, ते मला कळलं नाही. आम्ही नंतर विमानाच्या वेळेबद्दल बोललो.

हाजींना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की घर विकायचं नाही. त्यांनी व्यापाऱ्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांची चिंता वेगळी होती. रिकाम्या घरात रोज कोणीतरी चूल पेटवायला हवी, नाहीतर वाळवी लागते. ते म्हणाले, चुलीचं आम्ही बघू, पण जागा माझ्या भावाची आहे, पुढेमागे त्याच्या मुलांना लागेल, तळं वाढवायचंही गावात बोलतायत. तेव्हा घर हलवायचं झालं तर कोणाला विचारायचं? तुझ्या वडलांना?

"मला विचारा," मी म्हटलं. हास्नाने ते सांगायच्या आधीच हाजींनी मान हलवली.

गेल्या आठवड्यात हास्नाचा फोन आला. तळ्याचं काम ठरलंय. पावसाआधी घर उचलावं लागेल. हाजींनी दोन जागा बघून ठेवल्यात, एक शाळेमागे नारळाच्या बागेत, थंड आणि शांत. दुसरी त्यांच्या मुलीच्या घराशेजारी, पण तिथे दार एक तर शेताकडे येईल नाहीतर रस्त्याकडे, आणि रस्त्यावरून हल्ली ट्रक जातात, धूळ फार. काका म्हणतात, बागेतली जागा चांगली आहे, पण इबूच्या मुलीला विचार. मी ऑफिसमध्ये होते. दोन्ही जागांचे फोटो आले होते, ते मोठे करून पाहिले. बागेतली जागा खरंच सुंदर होती, आणि तिथे कोणी येतजात नसणार हे फोटोतही दिसत होतं.

मी म्हटलं, "रस्त्याकडची. दार रस्त्याकडे ठेवा." हास्ना म्हणाली, धुळीचं काय? मी म्हटलं, झाडून काढू आम्ही. मग तिने विचारलं, म्हणजे कधी येतेस? मी कॅलेंडर उघडलं आणि तिला विचारलं की शुक्रवार कुठला धरलाय.